आधी आपले नाव सांगावे

(वारीच्या आधी पंढरपूर येथे आपल्या मिशनच्या आरोग्यसेविका, परिचारिका आणि मंडळीतील स्वयंसेवक यांच्यासमोर केलेले भाषण)



मला दिलेला विषय ‘मनोरुग्णाशी संवाद आणि त्याची शुश्रूषा’ असा आहे. समोर मिरजेच्या वानलेस हॉस्पिटलात शिकलेल्या सिस्टर बसल्या आहेत. त्यांना माझ्यासारख्या समाजसेविकेने नर्सिंग शिकवावे हे बरे दिसणार नाही. म्हणून औषधांविषयी थोडे आणि बोलण्याविषयी जास्त सांगते. औषध डॉक्टर देतात, पण रुग्णाशी बोलतो आपण सगळेच. आरोग्यसेविका बोलते, पाळकसाहेब बोलतात, शेजारची मावशीही बोलते. आणि बिघडते ते बहुधा तिथेच.

आपल्या कामाच्या भागातल्या एका पारधी वस्तीवरची हकीकत सांगते. गावाबाहेर सहा-सात पालं होती. त्यातली एक बाई बाळंत होऊन तीन आठवडे झाले होते. तिची झोप उडाली होती. रात्रभर पालाभोवती फेऱ्या मारायची, मूल माझे नाही, कोणीतरी बदलले, असे म्हणायची. जवळच उघडी विहीर. नवऱ्याला मजुरीला जावे लागे, म्हणून त्याने तिचा पाय दोरीने बाभळीला बांधून ठेवला होता. ऐकायला हे क्रूर वाटते, पण त्या माणसाला विहिरीची भीती होती आणि दुसरा उपाय त्याच्याजवळ नव्हता. देवऋषी झाला होता, अंगारा झाला होता, एक बोकडही गेला होता.

तिला एका दवाखान्यात नेले. दवाखान्याचे नाव मी घेत नाही, कारण असे कुठेही घडू शकते. केसपेपरवर लिहिले गेले, ‘असंबद्ध बडबड’. बाई ओरडत होती, पदर ओढत होती, म्हणून तिला दोघींनी धरून ठेवले होते. तेवढ्यात तिची चुलत सासू आत आली आणि म्हणाली, “बडबड कशाची? दूध आलंय म्हणतीय ती. छाती दुखतीय, पोर कुठं ठेवलंय विचारतीय.” बाई पारधी बोलीत बोलत होती. ती बोली गुजरातीच्या वळणाची आहे, मराठी कानाला एकदम कळत नाही. एरवी तिला मराठी येत होते, बाजारात ती मराठीतच बोलायची. पण माणूस फार घाबरला की आईच्या भाषेत जातो.

तिला आजार नव्हता असे मी म्हणत नाही. बाळंतपणानंतरचा तो गंभीर मनोविकार होता. त्यात आईला आणि बाळाला दोघांनाही धोका असतो आणि त्याला तातडीने डॉक्टरच लागतो. पण त्या क्षणी जे ‘असंबद्ध’ म्हणून कागदावर गेले, ते अगदी सुसंबद्ध होते. एका आईची साधी तक्रार होती ती.

पुढे संध्याकाळच्या पाळीची सिस्टर आली. वयाने लहान, नुकतीच लागलेली. ती कॉटशेजारी स्टुलावर बसली आणि म्हणाली, “ताई, मी इथली सिस्टर. माझं नाव अमुक. मी सकाळपर्यंत इथंच आहे. बाळ तुमच्या सासूबाईंजवळ आहे, मी आत्ताच बघून आले.” एवढेच बोलून ती गप्प बसली. चुलत सासूला दुभाषी म्हणून जवळ बसवून घेतले. मग कोणीतरी सोबत असताना, लक्ष ठेवून, बाळ आणून दाखवले. त्या रात्री बाईने पहिली गोळी हातात घेऊन स्वतः तोंडात टाकली. धरून द्यावी लागली नाही.

तिने आपले नाव आधी का सांगितले, याचा विचार करू या, कारण आजच्या बोलण्यातला माझा मुख्य मुद्दा तोच आहे.

आपण केसपेपर काढतो तेव्हा काय विचारतो? नाव काय, गाव कोणते, इथे कधी आलात, बरोबर कोण आहे. आपल्याला हे प्रश्न साधे वाटतात. पारधी माणसाला हेच प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या कोणी विचारले? पोलिसांनी. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्माने माणसाला गुन्हेगार ठरवले. हजेरी लावायची, परवानगीशिवाय हलायचे नाही. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट होती, आजही शहरात तो भाग सेटलमेंट याच नावाने ओळखला जातो. आपण ख्रिस्ती लोकांनी हेही ध्यानात ठेवावे की त्या सेटलमेंटच्या कामात अमेरिकन मराठी मिशनचाही हात होता. तिथे शाळा निघाल्या, दवापाणी झाले, चांगली माणसे तिथे राबली. पण कुंपण होते ते होतेच. कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. वस्तीवरचे म्हातारे अजून त्या हजेरीच्या गोष्टी सांगतात, आणि गावात चोरी झाली की गाडी आधी पालाकडे वळते, हे तुम्ही आम्ही पाहतोच.

आता विचार करा, ज्या बाईला आधीच वाटते आहे की कोणीतरी तिच्या वाईटावर आहे, तिच्यासमोर उभे राहून, हातात कागद घेऊन आपण विचारतो, “नाव काय? गाव कोणतं?” ती गप्प बसते किंवा खोटे सांगते. मग आपण लिहितो, ‘रुग्ण सहकार्य करत नाही’.

म्हणून आधी आपले नाव. मग आपण कोण, इथे काय काम करतो. मग का विचारतो आणि हा कागद कोण वाचणार. यानंतर तिचे नाव. दोन मिनिटे जास्त लागतात.

नर्सिंगमध्ये या गोष्टीचा शास्त्र म्हणून अभ्यास झाला आहे. हिल्डेगार्ड पेप्लाऊ नावाच्या अमेरिकन परिचारिकेने १९५२ मध्ये यावर पुस्तक लिहिले. योगायोग असा की पारध्यांवरचा कायदा गेला तेच हे वर्ष. पेप्लाऊ लहान असताना १९१८ ची फ्लूची साथ आली होती आणि तापात भ्रमलेली माणसे तिने जवळून पाहिली होती. तिचे म्हणणे थोडक्यात असे की परिचारिका आणि रुग्ण यांच्यातले नाते हाच उपचाराचा भाग आहे. दोघे आधी अनोळखी असतात, हळूहळू ओळख होते, काम होते, आणि शेवटी नीट निरोपही घ्यावा लागतो. निरोपाचे आपण विसरतोच. रोज येणारी ताई एक दिवस न सांगता बंद झाली, तर ज्याला आधीच सर्वांनी टाकले आहे त्याला काय वाटत असेल? रजेवर जाताना रुग्णाला सांगून जा.

आता पवित्र शास्त्राकडे येते. मार्कच्या पाचव्या अध्यायातला गरसेकरांच्या प्रांतातला माणूस आपल्या सर्वांना पाठ आहे. थडग्यांत राहणारा, साखळ्या तोडणारा, दगडांनी अंग ठेचून घेणारा. हा उतारा मंडळ्यांमध्ये फार वेळा वाचला जातो आणि त्यावरून लगेच निष्कर्ष काढला जातो की मनोरुग्ण म्हणजे दुष्टात्मा लागलेला. मला थिऑलॉजीच्या वर्गात आमच्या शिक्षकांनी एक गोष्ट दाखवली होती, ती तुम्हाला दाखवते. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात प्रभूकडे आणलेल्या लोकांची यादी आहे. तिथे भूतग्रस्त वेगळे सांगितले आहेत आणि फेफरेकरी वेगळे. शुभवर्तमान लिहिणाऱ्यालाही सगळे एका गाठोड्यात बांधायचे नव्हते, मग आपण का बांधावे? आणि लूक स्वतः वैद्य होता.

पण त्या माणसाच्या गोष्टीत मला वेगळेच काही दिसते. गावकऱ्यांनी त्याला किती वेळा बांधले हे लिहिले आहे. त्याचे नाव त्याला विचारल्याचे फक्त प्रभूबद्दल लिहिले आहे. पुढे तो माणूस कपडे घालून शुद्धीवर बसलेला दिसतो, आणि गावकरी घाबरतात केव्हा, तर तेव्हा! बरा झालेला माणूस परत आल्यावर लोक कसे बिचकतात, हे वस्तीवर काम करणाऱ्याला वेगळे सांगायला नको. तो प्रभूबरोबर यायला निघाला तर प्रभूने त्याला आपल्या घरच्यांकडे पाठवले. आज ज्याला आपण पुनर्वसन म्हणतो ते हेच. आश्रमात आयुष्यभर ठेवणे सोपे असते, घरी पोचवणे अवघड.

ईयोबाच्या मित्रांचे तर मला नेहमी हसूच येते. सात दिवस सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. उत्तम शुश्रूषा! मग त्यांनी तोंड उघडले आणि तुझेच काहीतरी पाप असेल म्हणून त्याला समजावू लागले. आपल्या घरभेटी आठवून पाहा. आपण सात मिनिटेही गप्प बसत नाही. “विश्वास कमी पडला”, “मुलांकडे बघून तरी हस”, “त्याच्यापेक्षा वाईट दिवस आम्ही काढले”, “सगळं ठीक होईल”. नैराश्य आलेल्या माणसाला यातले एकही वाक्य उपयोगी पडत नाही. सगळे ठीक होईल हे तर आपल्याला माहीतही नसते. त्यापेक्षा “मी शनिवारी परत येईन” असे म्हणावे आणि शनिवारी जावे. एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिले, हात लावून उठवले, भाकर आणि पाणी दिले, आणि पुन्हा झोपू दिले. झोप आणि जेवण, तेही दोनदा.

मरणाचा विषय निघालाच आहे तर सांगते. एखादा म्हणाला, “आता जगण्यात अर्थ नाही,” तर आपण विषय बदलतो. बदलू नका. सरळ विचारा, “जीव द्यावा असं मनात येतं का? कसं करायचं ते ठरवलंय का?” विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट कोणीतरी विचारले म्हणून माणूस मोकळा होतो. मग त्याला एकटे सोडायचे नाही. घरातली फवारणीची बाटली कुठे आहे ते पाहून ती दुसरीकडे न्यायची, आणि त्याच दिवशी दवाखाना. कोणाला सांगू नका असे तो म्हणाला तर तसा शब्द देऊ नका.

आवाज ऐकू येणाऱ्यांचे काय करावे, असे सिस्टर मला नेहमी विचारतात. वाद घालायचा नाही आणि हो ला हो ही करायचे नाही. “असं काही नसतं” म्हटले की तुम्ही त्याच्या शत्रूंच्या बाजूला गेलात. “हो, मलाही ऐकू येतं” म्हटले की त्याचा भ्रम पक्का झाला. असे म्हणता येते, “मला तो आवाज येत नाही. पण तुम्हाला येतोय आणि त्याची भीती वाटतेय, हे मला कळतंय.” आवाज काय सांगतो हे मात्र विचारा. स्वतःला किंवा दुसऱ्याला मार असे सांगत असेल तर ते लगेच डॉक्टरांपर्यंत गेले पाहिजे. आणि ‘का’ हा शब्द शक्यतो टाळा. “गोळी का नाही घेतली?” यात छडी ऐकू येते. “गोळी घेतल्यावर काय होतं?” असे विचारले तर उत्तर मिळते, की तोंड कोरडे पडते, हात थरथरतात, मान आखडते, दिवसभर गुंगी राहते आणि मजुरीवर मुकादम ओरडतो. हे सगळे डॉक्टरांना सांगता येते, डोस कमी-जास्त करता येतो, वेगळी गोळी देता येते. रुग्ण हट्टी नसतो, त्याला त्रास होत असतो.

डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करण्याविषयी दोन शब्द. आपल्यात ती रीत आहे आणि मला ती प्रिय आहे. परंतु ज्याला वाटते आहे की लोक आपल्या डोक्यात काहीतरी घालत आहेत, त्याच्या डोक्यावर चार जणांनी एकदम हात ठेवून मोठ्याने प्रार्थना केली तर तो पळेल किंवा मारेल. आधी विचारा. नको म्हणाला तर शेजारी बसून मनात करा. प्रभूला ऐकू जाते.

त्या बाईची हकीकत अर्धी राहिली. सहा आठवड्यांत ती बरीच सावरली. बाळ तिच्याजवळ राहू लागले, पालाजवळ चूल पेटू लागली. काही महिन्यांनी ती एका प्रार्थनासभेला गेली. तिथे कोणीतरी तिला सांगितले की प्रभूने बरे केले, आता गोळ्या घेणे म्हणजे अविश्वास. तिने गोळ्या चंद्रभागेत टाकल्या. महिन्याच्या आत पुन्हा झोप गेली, आणि या वेळी नवरा दोरी शोधण्याआधी ती निघून गेली. चार दिवसांनी दुसऱ्या तालुक्यात सापडली. त्या चार दिवसांत तिचे काय झाले हे ती सांगत नाही आणि आम्ही विचारत नाही.

ज्याने सल्ला दिला तो वाईट हेतूचा नव्हता. म्हणूनच मी हे आपल्या माणसांसमोर बोलते आहे. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या वडीलजनांना आपण कधी अविश्वासी म्हणत नाही. पौलाने तीमथ्याला त्याच्या पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले, ते औषधच होते. या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि अचानक बंद केल्या तर आजार उलटतो. बंद करायच्या की नाही हे डॉक्टरच ठरवतील. पाळकसाहेबांना माझी हात जोडून विनंती आहे की साक्ष देणाऱ्याने सभेत “मी गोळ्या सोडल्या” असे म्हटले तर तिथल्या तिथे, प्रेमाने, ते थांबवावे.

आता वारी तोंडावर आली आहे, म्हणून इथल्यापुरते बोलते.

पंढरपूरला माणसे टाकून जाण्याची गोष्ट जुनी आहे. प्रार्थना समाजाशी जोडलेले इथले बालकाश्रम १८७५ मध्ये सुरू झाले ते टाकलेल्या आणि अनाथ मुलांसाठीच. आजही वारी उलगते, दिंड्या परततात, ६५ एकरांतले तंबू उठतात, आणि वाळवंटात किंवा एसटी स्टँडच्या बाकावर कोणीतरी उरलेले असते. कोणी चुकलेले, कोणी मुद्दाम आणून सोडलेले. पांडुरंगाच्या दारात उपाशी तरी मरणार नाही, असे घरच्यांना वाटत असावे.

असा माणूस भेटला की तो वेडा आहे असे लगेच धरू नका. म्हातारे वारकरी असंबद्ध बोलत असतील तर आधी ताप, ऊन, पाणी, साखर बघा. दोन दिवसांपूर्वीपर्यंत नीट असलेला माणूस एकदम भ्रमला तर ते बहुधा शरीराचे दुखणे असते. आणि एक गोष्ट सिस्टरांनी विशेष ध्यानात ठेवावी. रोज दारू पिणारा माणूस माळ घातली म्हणून किंवा वारीला निघाला म्हणून एकदम दारू सोडतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याचे अंग थरथरते, घाम फुटतो, अंगावर किडे चालताना दिसतात. लोक म्हणतात, देव अंगात आला किंवा भूत लागले. यात झटके येऊन जीव जाऊ शकतो. त्याला तंबूत झोपवून ठेवू नका, उपजिल्हा रुग्णालयात न्या. मूड स्थिर ठेवण्यासाठी लिथियम घेणारा कोणी असेल तर उन्हात चालणे, उपवास आणि कमी पाणी यांमुळे रक्तातले लिथियम वाढते. त्याला उलट्या, थरथर सुरू झाली तर तेही तातडीचे समजा.

गळ्यातली तुळशीची माळ आपला विषय नाही. आजारी माणसाचा आधार काढून घेऊन त्याला आपला आधार देणे, हा सौदा आपण करत नाही. त्याला विठ्ठलाचे नाव घेत झोप लागत असेल तर लागू द्या.

कायद्याचे थोडक्यात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधणे निषिद्ध आहे. तमिळनाडूत एरवाडी इथे ६ ऑगस्ट २००१ ला आग लागली तेव्हा साखळदंडात असलेली २८ माणसे जागची हलू शकली नाहीत. भटकणारा मनोरुग्ण आढळला तर त्याला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत नेणे ही पोलिसांची जबाबदारी आहे, आणि त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घेणेही त्यांच्याकडेच आहे. म्हणून पोलीस ठाण्यात जाताना भांडत जाऊ नका, पण हे माहीत असू द्या. पारधी रुग्ण असेल तर आपल्यापैकी एकाने शेवटपर्यंत बरोबर राहायचे. घरच्यांना फोनवर सल्ला हवा असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत.

घर कसे सापडते, असे कालच एका भावाने विचारले. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा संस्था रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरे करून देशभर घरी पोचवते. त्या कामासाठी त्यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथे आधी उपचार होतो, आणि मन थाऱ्यावर आले की माणूस बोलता बोलता गावाचे नाव सांगतो. आपल्यालाही असेच तुकडे मिळतात. “आमच्याकडे साखर कारखान्याचा भोंगा ऐकू येतो”, “आमची जत्रा पौषात”. म्हणून जे ऐकाल ते वहीत लिहा, रुग्णाच्या शब्दांत, दुरुस्त न करता. पारधी, कैकाडी, वडार, कोणतीही बोली असो, कळली नाही तर ‘बडबड’ असे लिहू नका. ‘भाषा कळली नाही’ असे लिहा आणि त्या वस्तीवरचे कोणी शोधून आणा. वस्त्यांवरच्या चार बायकांनी यंदा दुभाषी म्हणून यायचे कबूल केले आहे. त्यांची मजुरी बुडते, ती भरून देण्यासाठी आणि रुग्णाला सोलापूरच्या सिव्हिलला न्यायच्या गाडीभाड्यासाठी वर्गणीचे पाकीट दाराजवळ ठेवले आहे.

आता चहानंतर दोघादोघांच्या जोड्या करायच्या आहेत. एकाने रुग्ण व्हायचे, एकाने ऐकणारा. पाच मिनिटे. ऐकणाऱ्याने सल्ला द्यायचा नाही, वचन सांगायचे नाही आणि ‘का’ म्हणायचे नाही. मग अदलाबदल. पाळकसाहेब, तुम्हीसुद्धा. सिस्टरांनी आपापसात जोडी न करता वस्तीवरून आलेल्या भगिनींबरोबर बसावे, आणि रुग्णाची पाळी आधी सिस्टरांची.